नौदलाच्या नावांना नावं ठेवताना

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत एकाच दिवशी तीन नावं ताफ्यात आली: विनाशिका (मोठी युद्धनौका) सुरत, फ्रिगेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका) निलगिरी आणि पाणबुडी वाघशीर. एक शहर, एक डोंगर, एक मासा. तिघी माझगाव डॉकच्याच लेकी, पण नावं तीन वेगळ्या खणांतून काढलेली. सुरत हे विनाशिकांना शहराचं नाव द्यायच्या रिवाजातून आलं. निलगिरी हे १९७२ च्या फ्रिगेटचं नाव जसंच्या तसं उचललं. वाघशीर हे १९७४ ते १९९७ सेवेत असलेल्या रशियन बनावटीच्या पाणबुडीचं. भारतीय नौदलाची नामकरण व्यवस्था तपासायला याहून सोयीचा नमुना मिळणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

परीक्षण आहे ते या व्यवस्थेचं. जहाज चांगलं की वाईट हा मुद्दा नाही. नाव कोण ठेवतं, कसं ठेवतं, ठेवलेलं नाव वापरायला कसं आहे, आणि कुठे फसतं, एवढंच पाहायचं आहे.

आधी काम कसं चालतं ते. दिल्लीत नौदल मुख्यालयात यासाठी एक अंतर्गत नामकरण समिती आहे. अध्यक्षस्थानी धोरण आणि नियोजन पाहणारे सहायक नौदलप्रमुख असतात. सोबत नौदलाच्या वेगवेगळ्या शाखांचे अधिकारी, शिवाय संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाचे आणि पुरातत्त्व खात्याचे लोक. समिती नावं सुचवते, वरून मंजुरी येते. मंजुरी येईपर्यंत जहाज हे नुसतं आकड्याचं गिऱ्हाईक असतं. गोदीत त्याला यार्ड क्रमांक असतो आणि कागदोपत्री, पाट्यांवर, सुट्या भागांच्या ऑर्डरींवर तोच चालतो.

इंफाळचं उदाहरण घ्या. यार्ड क्रमांक १२७०६. कणा बसवला १९ मे २०१७ ला. नावाला राष्ट्रपतींची मंजुरी एप्रिल २०१९ मध्ये, आणि जलावतरण त्याच महिन्याच्या २० तारखेला. म्हणजे बारसं अगदी पाळण्याच्या दोरीपाशी येऊन ठरलं. जलावतरण हाच बारशाचा विधी. अथर्ववेदातले मंत्र म्हटले जातात, नारळ फुटतो, आणि रिवाजाप्रमाणे एक स्त्री जहाजाला नाव देऊन पाण्यात सोडते.

इथे वर्तमानपत्रं हमखास एक चूक करतात. पाण्यात उतरलेलं जहाज लगेच ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) होत नाही. सुरत पाण्यात उतरली १७ मे २०२२ ला आणि सेवेत आली १५ जानेवारी २०२५ ला. मधली दोन वर्षं आठ महिने ती नुसती ‘सुरत’ होती, किंवा यार्ड १२७०७. सेवेत दाखल होण्याच्या दिवशी कॅप्टन आज्ञापत्र वाचतो, नौदलाचा झेंडा चढतो, डोलकाठीवर लांब निमुळती पताका फडकते, आणि त्या क्षणापासून नावाआधी ‘आयएनएस’ लागतं. निवृत्तीच्या दिवशी तीच पताका उतरते. त्यामुळे ‘आयएनएस अमुकचं जलावतरण’ असा मथळा दिसला की समजावं, बातमी घाईत लिहिली आहे. (‘आयएनएस’ ही तीन अक्षरं २६ जानेवारी १९५० पासूनची. त्याआधी ‘एचएमआयएस’ होतं, राजाचं जहाज.)

आता नावांचे खण. विनाशिकांना राजधान्या आणि मोठी शहरं. फ्रिगेटना डोंगररांगा, नद्या किंवा शस्त्रं. कॉर्व्हेटना (फ्रिगेटहूनही लहान युद्धनौका) हातातली शस्त्रं. पाणबुड्यांना शिकारी मासे किंवा समुद्राशी जोडलेले शब्द. गस्ती जहाजांमध्ये सुकन्या, सुभद्रा, सावित्री, शारदा अशी माहेरवाशिणींची आख्खी ओळ आहे. सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजांना प्राणी: मगर, घडियाल, शार्दूल, केसरी, ऐरावत. सर्वेक्षण जहाजांना शोधाचे शब्द: संधायक, निर्देशक, इक्षक. एकदा हे खण डोक्यात बसले की नुसत्या नावावरून जहाजाचा प्रकार दहातल्या आठ वेळा ओळखता येतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. अनोळखी नाव कानावर पडलं तरी निदान कोणत्या कपाटात शोधायचं ते कळतं.

खणाच्या आत मग एकाच आराखड्याच्या जहाजांचा गट, म्हणजे ‘वर्ग’, नावांनी बांधायची तीन तंत्रं. एक, पहिलं अक्षर सारखं. दोन, आरंभीचा शब्द सारखा. तीन, शेवट सारखा. तिन्हींचा अनुभव वेगवेगळा आहे.

पहिलं तंत्र सगळ्यांत जुनं. रजपूत, राणा, रणजित, रणवीर, रणविजय या पाच विनाशिका. गोदावरी, गंगा, गोमती या तीन फ्रिगेट. ब्रह्मपुत्रा, बेतवा, ब्यास या पुढच्या तीन. ऐकायला छान, लक्षात ठेवायला सोपं. पण ही अक्षरं रोमन आहेत, देवनागरी नाहीत, हे मराठी वाचकाच्या पटकन लक्षात येत नाही. शिवालिक, सातपुडा, सह्याद्री या तिघांना जोडणारं अक्षर इंग्रजी ‘एस’ आहे. आपल्या लिपीत पहिला श आणि पुढचे दोघं स. कार निकोबार वर्गातल्या छोट्या वेगवान नौकांची नावं बघा: कार निकोबार, चेटलाट, कोरा दिव्ह, चेरियम, कांकर्सो. देवनागरीत यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. रोमनमध्ये पाचही ‘सी’ने सुरू होतात. आणि त्याच वर्गातल्या पुढच्या नौका, कोंडुल, कल्पेनी, काब्रा, या ‘के’ने. क या एका उच्चाराचे दोन गट पडले ते निव्वळ इंग्रजी स्पेलिंगमुळे. ब्रिटिश नौदलाकडून वारशात आलेली ही सवय आहे. जहाजाच्या मागच्या बाजूला नाव देवनागरीत रंगवायचं आणि यादी मात्र ए-बी-सी-डीने लावायची, हा विरोधाभास अजून कुणी सोडवलेला नाही.

या तंत्राचा खरा दोष वेगळाच आहे: अक्षर निवडताना पुढे किती जहाजं येणार ते कुणाला माहीत नसतं. रशियात बांधलेल्या तलवार वर्गाची सुरुवात २००३-०४ मध्ये तीन जहाजांनी झाली. तलवार, त्रिशूल, तबर. तिन्ही नावं भक्कम, आणि पहिली दोन तर १९६० च्या आसपासच्या फ्रिगेटवरून आलेली. मग २०१२-१३ मध्ये आणखी तीन: तेग, तरकश, त्रिकंद. इथवर ठीक. तेग म्हणजे तलवारच, तरकश म्हणजे भाता. मग आणखी चार ठरली, दोन रशियात आणि दोन गोवा शिपयार्डमध्ये. आता ‘टी’ने सुरू होणारं शस्त्र आणायचं कुठून? डिसेंबर २०२४ मध्ये तुशील आली, अर्थ सांगितला अभेद्य कवच. १ जुलै २०२५ ला कालिनिनग्राडमध्ये तमाल सेवेत आली, अर्थ सांगितला इंद्राची तलवार. वास्कोत जुलै २०२४ मध्ये त्रिपुट पाण्यात उतरली, ती म्हणजे बाण. मार्च २०२५ मध्ये तवस्या, ती म्हणजे भीमाची गदा.

लहानपणापासून महाभारत ऐकलेल्या माणसाला भीमाची गदा माहीत आहे, तिचं नाव तवस्या आहे हे मात्र जहाजामुळे कळलं. आणि तमाल म्हटल्यावर मराठी घरात पहिली आठवण मसालेभाताची येते. दोष शब्दांचा नाही, दहाव्या जहाजापर्यंत एकच अक्षर ओढण्याचा आहे. शब्दकोशाचा तळ खरवडला की असे शब्द हाती लागतात. त्यात त्रिशूल, त्रिकंद, त्रिपुट असे तीन ‘त्रि’ एकाच वर्गात जमले.

दुसरं तंत्र, आरंभीचा शब्द सारखा, हे आमच्या मते सगळ्यांत वाईट चाललं. सिंधुघोष वर्गात दहा पाणबुड्या, दहांच्याही नावात सिंधु. सिंधुराज, सिंधुरत्न, सिंधुरक्षक या तिघींत तर सिंधुनंतरचं अक्षरही र. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत सिंधुरक्षक स्फोटात बुडाली आणि १८ जण गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंधुरत्नवर धुरामुळे दोन अधिकारी गेले. सहा महिन्यांच्या अंतराने आलेल्या या दोन बातम्या आजही लोक एकमेकींत मिसळतात. नावाचं पहिलं काम वेगळं ओळखू येणं. निम्मं नाव सगळ्यांना सारखंच दिलं की ते काम उरलेल्या निम्म्यावर पडतं. नौदलाच्या आत याचा त्रास कमी, कारण बिनतारी संदेशात कॉल साइन (ठरलेलं सांकेतिक नाव) चालते आणि जहाजाच्या अंगावर पेनंट क्रमांक (अक्षर आणि आकडा मिळून ओळखखूण) असतो. त्रास बाहेरच्यांना.

तिसरं तंत्र, शेवट सारखा, सगळ्यांत देखणं. निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. सुरुवात प्रत्येकीची वेगळी, त्यामुळे गोंधळ नाही. शेवट सारखा, त्यामुळे घराणं कळतं. माझगाव डॉकमध्ये बांधून १९७२ ते १९८१ मध्ये सेवेत आलेल्या या सहा फ्रिगेटची नावं नव्या फ्रिगेटच्या प्रकल्प १७-ए साठी पुन्हा घेतली. पण नवी जहाजं सात. चार माझगावात, तीन कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत. सातव्या जहाजासाठी जुन्या पेटीत नाव नव्हतं. तेव्हा ओडिशातल्या पूर्व घाटाच्या शिखरावरून महेंद्रगिरी घेतलं, आणि १ सप्टेंबर २०२३ ला ते मुंबईत पाण्यात उतरलं. ‘टी’च्या दहाव्या शब्दासाठी जी ओढाताण झाली ती इथे झाली नाही, कारण गिरी हा शेवट उदार आहे. देशात डोंगरांना तोटा नाही. पुढच्या वर्गाचं तंत्र ठरवणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत.

यातल्या विंध्यगिरीबद्दल थोडं. जानेवारी २०११ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन जुनी विंध्यगिरी आग लागून धक्क्याशी बुडाली. काही नौदलांत बुडालेल्या जहाजाचं नाव अशुभ मानून टाळायची वृत्ती असते. आपल्याकडे तसं दिसत नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने खुकरी बुडवली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि १९३ जण तिच्याबरोबर गेले. अठरा वर्षांनी, ऑगस्ट १९८९ मध्ये, त्याच नावाची कॉर्व्हेट सेवेत आली आणि एका नव्या वर्गाला तिचं नाव मिळालं. २०२१ मध्ये ती निवृत्त झाली, आज दीवमध्येच संग्रहालय म्हणून उभी आहे. दुखऱ्या जागी हात ठेवून नाव परत घेणं याला धैर्य लागतं.

मात्र एक रिकामी जागा दिसते. जुन्या अर्नाळा वर्गात अर्नाळा, अँड्रोथ, अंजदीव, अंदमान, अमिनी अशी ‘ए’ची ओळ होती. त्यातली अंदमान ऑगस्ट १९९० मध्ये बंगालच्या उपसागरात बुडाली. गार्डन रीचमध्ये बांधल्या जाणाऱ्या नव्या आठ उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी नौकांना अर्नाळा, अँड्रोथ, अंजदीव, अमिनी ही चार नावं मिळाली आणि उरलेली चार अभय, अजय, अक्षय, अग्रय या दुसऱ्याच जुन्या वर्गातून आली. अंदमान वगळलं. त्यामुळे एकाच वर्गात निम्मी बेटं आणि निम्मी विशेषणं असा मिसळीचा प्रकार झाला आहे. चवीला वाईट नाही, पण खणांची शिस्त मोडली.

याच प्रकारच्या दुसऱ्या आठ नौका कोचीन शिपयार्डकडे. त्यांना ‘एम’. माहे, मालवण, मांगरोळ, मालपे, मुल्की, मगदल्ला: किनाऱ्यावरची लहान बंदरं, आणि सगळी नावं पूर्वीच्या सुरुंगशोधक नौकांची. इथेही जुनी नावं सहा आणि नौका आठ, तोच सातव्या गिरीचा हिशेब. पण निवड चपखल आहे. काठाकाठाने, उथळ पाण्यात फिरणाऱ्या नौकेला मालवणचं नाव शोभतं. सिंधुदुर्गाच्या भोवतालचे खडक ज्यांनी होडीतून चुकवलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्नाळाही तसंच. विरारजवळचं बेट, १७३७ च्या मराठ्यांच्या वसई मोहिमेशी जोडलेला किल्ला. १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला सेवेत आलेल्या या नौकेचं ब्रीद ‘अर्णवे शौर्यम्’, समुद्रातलं शौर्य. अर्नाळा आणि अर्णव यांच्या ध्वनीचा खेळ ज्याला सुचला त्याला दाद द्यायला हवी. अंजदीव हे कारवारसमोरचं पण गोव्याच्या हद्दीतलं बेट, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी तिथे उतरताना नौदलाचे सात जवान गेले. अशी नावं आकाराने लहान जहाजांना देणं हा या व्यवस्थेचा सगळ्यांत समंजस भाग.

पुनर्वापराला आम्ही पाचपैकी पाच देतो, आणि त्याचं सर्वांत नेटकं काम पाणबुड्यांत झालं आहे. १९६७ पासून रशियातून आलेल्या आठ पाणबुड्या दोन तुकड्यांत होत्या. पहिल्या तुकडीत कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा. दुसरीत वेला, वागीर, वागली, वाघशीर. माझगाव डॉकला फ्रेंच आराखड्यावर सहाच बांधायच्या होत्या. प्रत्येक तुकडीतून तीन-तीन घेतली, एक-एक सोडली. कुरसुरा सुटली, ती विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय होऊन बसली आहे. वागली सुटली. डिसेंबर २०१७ ची कलवरी ते जानेवारी २०२५ ची वाघशीर, सहाही नावं जुन्या क्रमानेच आली.

विक्रांतचं तर सगळ्यांना माहीत आहे. १९६१ ते १९९७ सेवा, मग मुंबईत संग्रहालय, आणि २०१४ मध्ये दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर भंगार. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत आली तेव्हा नाव तेच, पेनंट क्रमांक आर ११ तोच आणि ऋग्वेदातलं ब्रीद ‘जयेम सं युधि स्पृधः’ तेच. लोखंड गेलं, बाकी सगळं परत आलं.

पुनर्वापराची एक किंमत मात्र वाचक मोजतो. वर्गाला पहिल्या जहाजाचं नाव मिळतं, म्हणून ‘निलगिरी वर्ग’ दोन, ‘अर्नाळा वर्ग’ दोन, ‘कलवरी वर्ग’ दोन. माहिती शोधताना १९७२ ची वाफेवर चालणारी निलगिरी आणि २०२५ ची निलगिरी यांचे आकडे एकमेकांत घुसतात. उपाय साधा: नावाबरोबर प्रकल्प क्रमांक किंवा सेवेत आल्याचं वर्ष नेहमी लिहावं. नुसत्या नावावर विसंबू नये.

आता जिथे गुण कापावे लागतात तो भाग: अर्थ सांगण्याचा. नाव ठेवणारी समिती आणि त्या नावाचं पत्रक लिहिणारं टेबल यांचं आपसात बोलणं होतं की नाही अशी शंका यावी, इतका विस्कळीतपणा आहे. वागीरच्या वेळी सांगितलं, हिंदी महासागरातला खोल पाण्यातला घातक शिकारी ‘सँडफिश’. वाघशीरच्या वेळीही सांगितलं, खोल पाण्यातला घातक शिकारी ‘सँडफिश’. दोन सख्ख्या बहिणींच्या नावांचा अर्थ एकच मासा? मग दोन शब्द कशाला? शिवाय मराठीत वाघशीर असं घ घालून लिहिलं की वाचणाऱ्याला वाघाचं डोकं दिसतं, मासा नाही.

खांदेरीचं तर आणखी गमतीचं. जानेवारी २०१७ मध्ये पाणबुडी पाण्यात उतरली तेव्हा सांगितलं की शिवाजी महाराजांच्या बेटावरच्या किल्ल्याचं हे नाव, शिवाय एका शार्क माशाचंही. सप्टेंबर २०१९ मध्ये सेवेत आली तेव्हा तळाशी शिकार करणारा तलवारीच्या दातांचा मासा पुढे आला. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. १६७९ मध्ये महाराजांनी तिथे तटबंदीचं काम सुरू केलं आणि इंग्रजांच्या नाकावर टिच्चून पुरं केलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे. रायगड जिल्ह्यातल्या कोणत्याही कोळ्याला विचारा, तो बेट दाखवेल. पाणबुड्यांना मासे असा नियम आहे म्हणून किल्ल्याला मासा चिकटवायची गरज नव्हती. नियमाला एक अपवाद आहे असं सांगून मोकळं व्हायचं. या विभागाला पाचपैकी दोन, तेही अर्नाळाच्या ब्रीदाकडे पाहून.

शहरांच्या नावांबाबत धोरण वरच्या दर्जाच्या जहाजांना एक आणि खालच्यांना एक असं वाटतं. विनाशिका मुंबई, कोलकाता, कोची, चेन्नई: चारही बदललेल्या, स्थानिक नावांनी. जुन्या सुरुंगशोधकांत मात्र पाँडिचेरी, कॅनानोर, अ‍ॅलेप्पी अशी इंग्रजी नावं शेवटपर्यंत राहिली आणि त्याच वर्गात कालिकत ऐवजी कोझिकोड. कॅनानोरचं कण्णूर झालं तरी जहाज कॅनानोरच. एकदा सेवेत आलेल्या जहाजाचं नाव शहराबरोबर बदलत नाही, हा संकेत म्हणून मान्य. पण एकाच वर्गात दोन पद्धती हा निष्काळजीपणा.

प्रकल्प १५-बी च्या चार विनाशिकांना देशाच्या चार दिशांची शहरं दिली: विशाखापट्टणम, मोर्मुगाव, इंफाळ, सुरत. अक्षराचा आग्रह सोडला ते उत्तम. इंफाळचं बंदराशी काही नातं नाही, तरी ईशान्येतल्या शहराचं नाव एवढ्या मोठ्या युद्धनौकेला पहिल्यांदा मिळालं आणि बोधचिन्हावर कांगला राजवाड्याशेजारी कांगला-सा आला, ड्रॅगनचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला रक्षक. बोधचिन्ह कसं असावं याचा हा नमुना आहे: चिन्ह त्या गावचंच, दुसऱ्या कोणत्या जहाजावर चालणार नाही. विनाशिका म्हैसूरचं दोन तोंडांचं गंडभेरुंडही त्याच दर्जाचं. सुरतच्या बोधचिन्हावर हजिऱ्याचा जुना दीपस्तंभ आणि गीरचा सिंह आहे. (मराठी माणसाला सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० ही दोन सालं आठवतात. बोधचिन्हात त्याला जागा मिळेल अशी अपेक्षा अर्थातच कुणी केली नसेल.)

मोर्मुगावच्या नावात उच्चाराची अडचण आहे. रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, मराठीत मुरगाव, मोर्मुगाव, मार्मागोवा अशी तीन रूपं. गोव्यातला माणूस मुरगाव म्हणेल, जहाजाचं लिहिताना मोर्मुगाव लिहावं लागतं. पण वेळ मात्र अचूक साधली होती: १९ डिसेंबर २०२१ ला, गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्याच दिवशी, ती पहिल्यांदा समुद्रात गेली. वर्षभराने, १८ डिसेंबरला, सेवेत आली.

माणसांच्या नावांबाबत ही व्यवस्था संयमी आहे, आणि तो तिचा मोठा गुण. आजच्या काळातल्या कोणत्याही राजकारण्याचं नाव आपल्या लढाऊ जहाजावर नाही. अमेरिकेत नाव ठेवायचा अधिकार नौदलमंत्र्याकडे असतो. सरकार बदललं की काय होतं ते जून २०२५ मध्ये दिसलं: तेलवाहू जहाजाला दिलेलं समलिंगी हक्कांचे नेते हार्वे मिल्क यांचं नाव काढून नौसैनिक ऑस्कर पीटरसन यांचं ठेवलं. आपल्याकडे परमवीरचक्र विजेत्यांची नावं शिपिंग कॉर्पोरेशनच्या तेलवाहू जहाजांना मिळाली, नौदलाने तो रस्ता धरला नाही. डोंगराची, नदीची बदनामी होत नाही आणि निवडणुकीत पराभवही होत नाही.

इतिहासातल्या व्यक्ती मात्र किनाऱ्यावर आहेत. आयएनएस शिवाजी हे जहाज नाही, लोणावळ्यातली अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे, फेब्रुवारी १९४५ पासूनची. आयएनएस आंग्रे मुंबईच्या किल्ला भागातला तळ, १९५१ पर्यंत त्याचं नाव डलहौसी होतं. आयएनएस तानाजी मानखुर्दला. किनाऱ्यावरच्या तळालाही जहाज मानायचं ही ब्रिटिशांची पद्धत तशीच चालू आहे, म्हणून ‘आयएनएस शिवाजी मुंबईत दाखल’ अशी वाक्यं अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरतात. घाटमाथ्यावरून खाली यायला तिला एक्स्प्रेस वेच लागेल. वापरणाऱ्यांनी एवढंच करावं: नावापुढे पेनंट क्रमांक आहे का पाहावं. डी म्हणजे विनाशिका, एफ फ्रिगेट, पी कॉर्व्हेट आणि गस्ती नौका, एस पाणबुडी, एल सैन्य उतरवणारं जहाज, आर विमानवाहू. क्रमांक नसेल तर बहुधा तो किनाऱ्यावरचा तळ.

शिडाच्या बोटींना ‘आयएनएसव्ही’ (इंडियन नेव्हल सेलिंग व्हेसल) लागतं, आणि त्यातलं एक नाव आमच्या यादीत सर्वांत वर आहे: म्हादेई. मांडवीचं मूळ, डोंगरातलं, देवीचं नाव. बोट गोव्यात दिवाडीला बांधली, आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातूनच एकट्याने जगाला प्रदक्षिणा घातली. वर्गाचं अक्षर सांभाळायचं नव्हतं, खण सांभाळायचा नव्हता, म्हणून जिथे बोट जन्मली तिथल्याच नदीचं नाव ठेवता आलं.

पुढच्या जहाजांसाठी पेटीत काय शिल्लक आहे? गोदावरी २०१५ मध्ये निवृत्त झाली, गंगा २०१८ मध्ये, गोमती २०२२ मध्ये. म्हणजे ‘जी’ची तीन नद्यांची आख्खी जुडी मोकळी आहे, आणि तीन जहाजांच्या वर्गाला ती तशीच्या तशी बसेल. सुरुंगशोधकांतली रत्नागिरी आणि कोंकण ही नावंही मोकळी आहेत. आणि सैन्य उतरवणाऱ्या जुन्या जहाजांत एक नाव होतं ते परत यावं असं फार वाटतं. वाळूला पोट लावून किनाऱ्याला चिकटणाऱ्या जहाजासाठी याहून नेमका शब्द मराठीत सापडणार नाही: घोरपड.